खासदार परदेशात बोलतात तेव्हा मुखत्यारपत्र कुणाचं असतं?

दोहाकर | शनि, ०२/०८/२०२५ - २०:४१

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये माझ्या समोरच्या खुर्चीवर एक इजिप्शियन गृहस्थ बसतात. साठीला टेकलेले. सगळे त्यांना पाशा म्हणतात, म्हणून मीही. त्या दिवशी पेपरात आपल्या सर्वपक्षीय शिष्टमंडळाचा फोटो होता. ऑपरेशन सिंदूरनंतर सरकारने सात शिष्टमंडळं जगभर पाठवली, त्यातलं एक दोह्यात आलं होतं. पाशांनी फोटोतल्या बाईंवर बोट ठेवलं.

"तुमच्या परराष्ट्रमंत्री?"

"नाही. या सुप्रियाताई सुळे. बारामतीच्या खासदार. विरोधी पक्षाच्या."

"मग हे मंत्री असतील."

"हे अनुराग ठाकूर. सत्ताधारी पक्षाचे. पूर्वी मंत्री होते, आता नाहीत."

"हे?"

"मनीष तिवारी. काँग्रेस. म्हणजे पुन्हा विरोधी."

"आणि हे?"

"आनंद शर्मा. तेही काँग्रेसचे. सध्या खासदार नाहीत."

पाशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे सरकारने पाठवलेल्या माणसांत सरकारमधलं कुणीच नाही. उद्या हे आमच्या कैरोला जाऊन काही कबूल करून आले, तर ते तुमच्या देशाला लागू?"

तोंडात घास होता म्हणून बरं. "संध्याकाळी सांगतो" म्हणालो आणि दोन महिने टाळलं.

परवा तो प्रश्न पुन्हा डोक्यात आला. २८ आणि २९ जुलैला लोकसभेत ऑपरेशन सिंदूरवर चर्चा झाली. शशी थरूर याच कामासाठी अमेरिका, गयाना, पनामा, कोलंबिया आणि ब्राझील असे पाच देश फिरून आले होते. काँग्रेसच्या वक्त्यांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. पत्रकारांनी गाठलं तर "मौनव्रत" म्हणून आत निघून गेले. मनीष तिवारींनाही बोलायला मिळालं नाही. म्हणजे बोगोटात देशाच्या वतीने बोलायला चाललेला माणूस दिल्लीत स्वतःच्या मतदारांच्या वतीनेही बोलू शकला नाही.

तर मला विचारायचंय ते एवढंच: खासदार परदेशात उभा राहून "भारताचं म्हणणं असं आहे" म्हणतो, तेव्हा त्याच्या खिशातल्या मुखत्यारपत्रावर सही कुणाची असते? सरकारची, पक्षाची, संसदेची की आमची?

---

खवचट खंडू | शनि, ०२/०८/२०२५ - २१:०२

पहिला नंबर. चटई अंथरली आहे, शेंगा आणल्या आहेत.

---

बांधावरचा | शनि, ०२/०८/२०२५ - २१:३०

दोहाकर, आम्ही बारामती मतदारसंघातले, म्हणून आधी बोलतो.

ताईंचं नाव आलं तेव्हा पारावर दोन तट पडले. एक म्हणे बरं झालं, दुसरा म्हणे सरकारच्या गाडीत कशाला बसायचं. तेवढ्यात संजय राऊतांनी ही वरात कशाला पाठवताय म्हणून तोफ डागली, इंडिया आघाडीनं बहिष्कार टाकावा म्हणाले. लगेच पवारसाहेब बोलले, की देशाच्या प्रश्नात स्थानिक राजकारण आणू नये. नरसिंह रावांच्या वेळेस वाजपेयींच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ गेलं होतं त्याची आठवणही त्यांनी काढली. आणि गंमत बघा, शेवटी राऊतांच्याच पक्षाच्या प्रियंका चतुर्वेदी रविशंकर प्रसादांच्या गटातून युरोपला गेल्या.

आमच्याकडं सोयरीक ठरवायला जाताना बांधावरून एकमेकांचं डोकं फोडणारे भाऊसुद्धा एका जीपमध्ये बसून जातात. समोरच्याला दाखवायचं असतं की घर मोठं आहे. पण बैठकीत देण्याघेण्याचं बोलतो एकच, बाकीचे पोहे खातात. तसंच आहे हे. पाशांना सांगा, ही माणसं घर दाखवायला आली होती, याद्या करायला नाही.

---

कल्याणची लेक | शनि, ०२/०८/२०२५ - २१:४४

बांधावरचे भाऊ, जीपची उपमा फार आवडली.

आमच्या कल्याणचे खासदार डॉ. श्रीकांत शिंदे यूएई, काँगो, सिएरा लिओन आणि लायबेरिया अशा दौऱ्यावर होते. लेकाने विचारलं फ्रीटाउन कुठे आहे, तर मला नकाशा काढावा लागला. खरंच विचारतेय, टोमणा नाही: काश्मीरचं गाऱ्हाणं सांगायला लायबेरियाला का जायचं? भांडण पाकिस्तानशी, वजन अमेरिका-चीनचं. मग मोन्रोव्हियात काय आहे?

---

कलम_२५३ | शनि, ०२/०८/२०२५ - २२:१५

पाशांच्या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर सरळ आहे: नाही, लागू नाही.

परराष्ट्र व्यवहार हा केंद्र सूचीतला विषय (नोंद १०), परदेशांशी तह आणि करार करणं नोंद १४. अनुच्छेद ७३ नुसार त्या विषयांतला कार्यकारी अधिकार केंद्र सरकारचा. आपल्याकडे तह करायला संसदेची आगाऊ मंजुरीसुद्धा लागत नाही. अमेरिकेत सिनेटची दोन तृतीयांश मतं लागतात, तसं आपल्याकडे काही नाही. संसद येते ती तहाच्या अंमलबजावणीसाठी कायदा करायचा असेल तेव्हा, अनुच्छेद २५३ (माझं नाव त्यावरूनच). थोडक्यात, सरकार बोललं तर देश बांधला जातो. एकटा खासदार बोलला तर फक्त बातमी होते.

लोकांचा घोटाळा होतो तो मरून पासपोर्टमुळे. खासदारांना राजनैतिक पासपोर्ट मिळतो, त्यामुळे तो राजदूत झाला असं वाटतं. तो प्रवासाचा कागद आहे, वकालतनामा नव्हे. उलट खासदार खाजगी निमंत्रणावर परदेशात गेला आणि तिथे कुणी त्याचा हॉटेल-खर्च उचलणार असेल, तर परकीय योगदान कायदा, २०१० च्या कलम ६ खाली त्याला केंद्राची आगाऊ परवानगी लागते. म्हणजे परदेशात खासदार परक्याच्या पैशाने जेवला तरी सरकारला विचारून.

आणखी एक, याकडे फारसं लक्ष जात नाही. अनुच्छेद १०५ चं संरक्षण सभागृहातल्या बोलण्यापुरतं. लोकसभेत काहीही बोला, कोर्टात खेचता येत नाही. दोह्याच्या हॉटेलात तेच वाक्य बोललात तर ते कवच नाही. आता दोहाकरांनी जे लिहिलंय त्यातला विनोद बघा: जिथे खासदाराच्या शब्दाला कवच आहे तिथे पक्ष बोलू देत नाही, आणि जिथे कवच नाही तिथे सरकार विमानाचं तिकीट काढून देतं.

---

जुना रेडिओ | शनि, ०२/०८/२०२५ - २३:०८

कल्याणच्या ताई, तुमच्या "लायबेरिया का" या प्रश्नात सगळ्या दौऱ्याची किल्ली आहे. तुम्ही नकाशा काढलात, मी मे महिन्यात सुरक्षा परिषदेची यादी काढून बसलो होतो. निवृत्त माणसाला दुसरं काम काय.

सुरक्षा परिषदेत १५ सदस्य. पाच कायमचे, दहा दोन-दोन वर्षांसाठी निवडून येणारे. २०२५ चे दहा: अल्जेरिया, गयाना, सिएरा लिओन, स्लोव्हेनिया, दक्षिण कोरिया, डेन्मार्क, ग्रीस, पनामा, सोमालिया आणि स्वतः पाकिस्तान. आता शिष्टमंडळांचे दौरे बाजूला ठेवून बघा. अल्जेरियाला भाजपच्या बैजयंत पांडांचा गट गेला, गयाना-पनामाला थरूरांचा, सिएरा लिओनला तुमच्या शिंद्यांचा, स्लोव्हेनिया-ग्रीसला कनिमोळींचा, कोरियाला संजय झांचा, डेन्मार्कला रविशंकर प्रसादांचा. पाकिस्तान आणि सोमालिया सोडून दहापैकी आठही देश झाले. कायमच्या पाचांत चीन वगळता चौघे.

बरं, लायबेरिया यात कुठेच नाही म्हणाल. ३ जून २०२५ ला पुढच्या दोन वर्षांसाठी निवडणूक झाली. निवडून आले बहारीन, कोलंबिया, काँगो, लाटव्हिया आणि लायबेरिया. पाचही देश आपल्या यादीत होते, आणि शिष्टमंडळं त्या निवडणुकीच्या आगेमागेच तिथे पोचली. पाकिस्तान २०२६ अखेरपर्यंत परिषदेत बसणार, म्हणून त्याच्या शेजारी बसणाऱ्यांच्या घरी आधीच हळदीकुंकू करून यायचं.

म्हणजे कुठे जायचं ते ठरवणारे मुरलेले लोक होते. त्यांची नावं आपल्याला ठाऊक नसतात. प्रत्येक गटात एक माजी राजनैतिक अधिकारी होता; सुप्रियाताईंच्या बरोबर सय्यद अकबरुद्दीन, जे न्यूयॉर्कला आपले स्थायी प्रतिनिधी होते. फोटोत ते कडेला असतात.

वाजपेयींच्या ज्या शिष्टमंडळाची पवारसाहेबांनी आठवण काढली, ते जिनिव्हाला गेलं होतं. त्याबद्दल उद्या लिहितो. डोळे दुखतात आता.

---

कल्याणची लेक | शनि, ०२/०८/२०२५ - २३:१९

रेडिओकाका, दंडवत. लेकाला उठवून दाखवावंसं वाटलं, पण झोपलाय.

---

खवचट खंडू | शनि, ०२/०८/२०२५ - २३:४०

हळदीकुंकू! उद्या परराष्ट्र मंत्रालयाच्या बजेटात वाणाचं डबे-वाटप शीर्ष उघडा.

---

नाना फडफडे | रवि, ०३/०८/२०२५ - ०८:१२

सगळे कायदे ठीक आहेत, पण मूळ मुद्दा कुणी बोलत नाही. सरकारने पाठवलेले खासदार देशाची बाजू मांडतात. आणि काही नेते स्वतःच्या खर्चाने लंडन-अमेरिकेला जाऊन आपल्याच लोकशाहीची बदनामी करतात. राहुल गांधी केंब्रिजला २०२३ मध्ये काय बोलले आठवा. घरचं भांडण शेजाऱ्याच्या ओसरीवर नेणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते लिहीत नाही.

---

सांजवेळ | रवि, ०३/०८/२०२५ - ०८:५५

नाना, २०१५ मध्ये खुद्द पंतप्रधान परदेशातल्या भारतीयांपुढे म्हणाले होते की पूर्वी लोकांना भारतात जन्मल्याची लाज वाटायची. तेव्हा ओसरी कुणाची होती? नियम लावायचा तर दोघांना लावा, नाहीतर कुणालाच नको.

आणि माझ्या मते कुणालाच नको. विरोधी नेता परदेशी विद्यापीठात सरकारवर टीका करतो तेव्हा तो "भारत म्हणतो" असं म्हणत नाही, "मी म्हणतो" असं म्हणतो. ऐकणाऱ्याला ते कळतं.

---

नाना फडफडे | रवि, ०३/०८/२०२५ - ०९:०१

पंतप्रधानांची तुलना कुणाशी करताय? जरा

(प्रतिसादाचा उरलेला भाग संपादित - व्यवस्थापक)

---

व्यवस्थापक | रवि, ०३/०८/२०२५ - ०९:३०

नाना आणि सांजवेळ, मागच्या तीन धाग्यांवर हेच झालं होतं. व्यक्तींवर घसरू नका. धागा चांगला चाललाय, कुलूप लावायला लावू नका.

---

पत्रावळ | रवि, ०३/०८/२०२५ - ११:२०

दोहाकरांनी "मुखत्यारपत्र" शब्द वापरला म्हणून लिहितो. आज वकील म्हटलं की काळा कोट दिसतो. पेशवाईत वकील म्हणजे दुसऱ्याच्या दरबारात आपला माणूस. दिल्लीत पेशव्यांचे वकील हिंगणे होते. पण होळकरांचे वेगळे, शिंद्यांचे वेगळे. "मराठ्यांचं म्हणणं काय" असा प्रश्न समोरच्याला तेव्हाही पडत असे, आणि त्याचा फायदा घेणारेही होते. राघोबादादांनी तर पुण्याशी बिनसल्यावर थेट इंग्लंडला आपला वकील धाडला. १७८१ मध्ये हनुमंतराव नावाचा हा ब्राह्मण एका पारशी सहकाऱ्याबरोबर लंडनला पोचला. त्यांच्या खाण्यापिण्याच्या सोवळ्याची सोय तिथले खासदार एडमंड बर्क यांनी आपल्या घरच्या आवारात करून दिली. गादी एकाकडे आणि वकील दुसऱ्याचा! विरोधी पक्षाचा परदेश दौरा म्हणायचा का याला?

पण मला खरी आठवण झाली ती टिळकांची. पहिलं महायुद्ध संपलं, पॅरिसला शांतता परिषद भरणार होती. डिसेंबर १९१८ च्या दिल्ली काँग्रेसने परिषदेसाठी तीन प्रतिनिधी निवडले: टिळक, गांधी आणि हसन इमाम. टिळक तेव्हा ब्रिटिश पत्रकार चिरोलवर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी लंडनमध्येच होते. खाडी ओलांडली की पॅरिस. सरकारने पासपोर्ट दिला नाही. मग त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना लंडनहून पत्र पाठवून हिंदुस्थानची बाजू कळवली.

आणि परिषदेत "इंडिया" नावाची पाटी होती बरं का! खुर्ची रिकामी नव्हती. तिथे भारतमंत्री माँटेग्यू, लॉर्ड सिन्हा आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह होते. २८ जून १९१९ ला व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानतर्फे सह्या झाल्या त्या माँटेग्यू आणि गंगासिंह यांच्या. एकाकडे सरकारचा कागद होता, लोक नव्हते. दुसऱ्याकडे लोक होते, कागद नव्हता. जगाने कागद बघितला.

कलम_२५३ म्हणतात ते कायद्याने बरोबरच आहे, पण "सरकार बोललं म्हणजे देश बोलला" हे वाक्य १९१९ मध्ये ठेवून बघा, कसं खुपतं.

---

कलम_२५३ | रवि, ०३/०८/२०२५ - ११:४८

पत्रावळ, मान्य. पण १९१९ चं सरकार निवडून आलेलं नव्हतं, आजचं आहे. एवढा फरक पुरेसा नाही का?

---

पत्रावळ | रवि, ०३/०८/२०२५ - ११:५५

पुरेसा आहे की नाही तेच तर दोहाकर विचारताहेत.

---

माई न्यूजर्सी | रवि, ०३/०८/२०२५ - १७:१०

इथे आत्ता सकाळ आहे, चहा घेत सगळा धागा वाचला.

अमेरिकेत या भांडणावर चक्क कायदा आहे. १७९८ मध्ये फ्रान्सशी अघोषित समुद्री लढाई चालू असताना फिलाडेल्फियाचे एक क्वेकर डॉक्टर, जॉर्ज लोगन, स्वतःच्या हिमतीवर पॅरिसला जाऊन समेटाची बोलणी करून आले. सत्ताधारी इतके चिडले की १७९९ मध्ये कायदाच केला: सरकारच्या परवानगीशिवाय कुणा नागरिकाने परक्या सरकारशी वादातल्या विषयावर बोलणी करायची नाहीत. त्यालाच लोगन अ‍ॅक्ट म्हणतात. सव्वादोनशे वर्षांत त्याखाली दोनदा आरोप ठेवले गेले, १८०३ आणि १८५२ साली. शिक्षा एकालाही नाही. आणि लोगन? ते पुढे स्वतःच सिनेटर झाले.

कायदा कपाटात, आणि काँग्रेसची (म्हणजे इथल्या संसदेची) मंडळी जगभर मोकाट. २००७ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या सभापती नॅन्सी पेलोसी दमास्कसला जाऊन सीरियाच्या असादला भेटल्या, बुश ओरडत राहिले. मार्च २०१५ मध्ये ओबामा इराणशी अणुकरार करत होते, तर ४७ रिपब्लिकन सिनेटरांनी इराणच्या नेत्यांना उघड पत्र लिहिलं, की हा करार पुढचा अध्यक्ष एका फटक्यात रद्द करू शकेल. मला तेव्हा फार राग आला होता. स्वतःच्या सरकारचे पाय ओढायचे तेही तेहरानसमोर! पण २०१८ मध्ये ट्रम्पनी करार सोडला, म्हणजे पत्रात लिहिलं होतं ते खोटं नव्हतं. इराणला अमेरिकेतलं खरं चित्र ओबामांपेक्षा त्या ४७ जणांनी दाखवलं असं म्हणायचं का? मला अजून ठरवता आलेलं नाही.

पेलोसींचा २०२२ चा तैवान दौरा तर सगळ्यांना आठवत असेल. बायडन प्रशासन म्हणत राहिलं की आमचं धोरण बदललेलं नाही, पेलोसी बाई स्वतःच्या अधिकारात गेल्या आहेत. चीनने काही ते ऐकलं नाही, तैवानभोवती लढाऊ सराव सुरू केला. बोलणारा कुणाच्या वतीने बोलतो ते ऐकणाराच ठरवतो, असं मला तेव्हापासून वाटतं.

---

खवचट खंडू | रवि, ०३/०८/२०२५ - १८:०५

माईंच्या शेवटच्या वाक्यावर जरा गंभीर होतो, पाच मिनिटं.

ऐकणारा ठरवतो आणि ठरवताना सोय बघतो. आपलंच उदाहरण घ्या. २४ ऑगस्ट २०१९ ला राहुल गांधींसह विरोधी नेते श्रीनगरला गेले, विमानतळावरूनच परत पाठवले. २९ ऑक्टोबर २०१९ ला युरोपियन संसदेचे २३ सदस्य त्याच श्रीनगरात फिरवून आणले. युरोपियन युनियनने सांगितलं की हा आमचा अधिकृत दौरा नाही. आपल्याला चाललं. १७ फेब्रुवारी २०२० ला काश्मीरवरच्या ब्रिटिश खासदार गटाच्या अध्यक्ष डेबी अब्राहम्स दिल्लीला उतरल्या, ई-व्हिसा रद्द झालाय म्हणून विमानतळावरूनच परत. तीन प्रकारचे खासदार, एकच काश्मीर. आपले गेले तर राजकारण, गोड बोलणारे पाहुणे आले तर जगाचं मत, कडू बोलणारे आले तर हस्तक्षेप.

झाली पाच मिनिटं. शेंगा संपल्या.

---

नाना फडफडे | रवि, ०३/०८/२०२५ - १८:२२

खंडू, परक्याला आत घ्यायचं की नाही हा प्रत्येक देशाचा हक्क आहे. पण २४ ऑगस्टचं उत्तर माझ्याकडे नाही, हे कबूल करतो.

---

कल्याणची लेक | रवि, ०३/०८/२०२५ - १८:३०

नानांनी कबूल केलं, धागा जपून ठेवा :)

अवांतर: माद्रिदमध्ये कनिमोळींना कुणीतरी विचारलं, भारताची राष्ट्रभाषा कोणती? त्या म्हणाल्या, विविधतेतली एकता. द्रमुकच्या खासदार, सरकारने पाठवलेल्या, आणि उत्तर असं की दिल्लीलाही नाकारता येणार नाही. महिनाभराने आपल्याकडे पहिलीपासून हिंदीच्या शासन निर्णयावरून काय झालं आणि २९ जूनला ते निर्णय कसे मागे घ्यावे लागले ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या शाळेतल्या बाईंनी ते माद्रिदचं वाक्य फळ्यावर लिहिलं होतं.

---

जुना रेडिओ | रवि, ०३/०८/२०२५ - २१:१५

कबूल केल्याप्रमाणे जिनिव्हा.

मार्च १९९४. मी तेव्हा बँकेत, रात्री पावणेनऊच्या बातम्यांना ट्रान्झिस्टर कानाला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगात पाकिस्तानने काश्मीरवर ठराव आणला होता. देशाची तिजोरी नुकती सावरत होती, पाठीशी सोव्हिएत युनियन उरला नव्हता. नरसिंह रावांनी शिष्टमंडळाचं नेतृत्व दिलं विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयींना. बरोबर काँग्रेसचे परराष्ट्र राज्यमंत्री सलमान खुर्शीद आणि फारुख अब्दुल्ला. मंत्री हाताखाली, विरोधी नेता प्रमुख. ९ मार्चला पाकिस्तानने ठराव मागे घेतला.

ही गोष्ट सगळे सांगतात, आणि २०२५ ची शिष्टमंडळं निघाली तेव्हा प्रत्येक वाहिनीने सांगितली. (हेच खुर्शीद ३१ वर्षांनी संजय झांच्या गटातून जकार्ता-टोकियोला गेले, हे मात्र कमी लोकांनी सांगितलं.) पण दोन गोष्टी सांगायच्या राहतात.

पहिली: ठराव मागे गेला तो केवळ भाषणांनी नाही. इराणने पाकिस्तानला साथ दिली नाही, चीननेही त्याला जोर दिला नाही. परराष्ट्रमंत्री दिनेश सिंह आजारी असताना अंथरुणातून उठून तेहरानला जाऊन आले होते. ते फोटोत नाहीत. वाजपेयींच्या असण्याने जगाला एवढंच कळलं की दिल्लीत सरकार बदललं तरी काश्मीरवरचं उत्तर बदलणार नाही. ते थोडं नव्हतं, पण तेवढंच होतं.

दुसरी, आणि मला ती दोहाकरांच्या प्रश्नाचं उत्तर वाटते. २२ फेब्रुवारी १९९४ ला, म्हणजे जिनिव्हात ठराव मागे घेतला जाण्याआधी दोन आठवडे, संसदेने काश्मीरवर एकमताने ठराव केला होता. पाकव्याप्त भाग पाकिस्तानने रिकामा करावा असं त्यात स्पष्ट होतं. वाजपेयी जिनिव्हात बोलले तेव्हा त्यांच्या खिशात रावांची चिठ्ठी नव्हती, सभागृहाचा ठराव होता. त्यावर भाजपची सही होती, काँग्रेसची होती, डाव्यांची होती.

२०२५ मध्ये उलटं झालं. शिष्टमंडळं मेमध्ये निघाली. ३ जूनला १६ विरोधी पक्षांनी विशेष अधिवेशन मागितलं, ते झालं नाही. सभागृह बोललं जुलैच्या अखेरीस, सगळे परत येऊन दीड-दोन महिने झाल्यावर. माणसं आधी गेली, मुखत्यारपत्र मागाहून लिहायला घेतलं, आणि लिहिताना त्यांतल्या काहींना खोलीबाहेर ठेवलं.

---

बांधावरचा | रवि, ०३/०८/२०२५ - २१:४०

रेडिओकाका, तुमचा मान राखून एक शंका. मेमध्ये अधिवेशन बोलावलं असतं तर ठराव झाला असता? की दोन दिवस नुसता गोंधळ, आणि तो गोंधळ तिकडं इस्लामाबादच्या टीव्हीवर? त्यांनीही बिलावल भुट्टोंना न्यूयॉर्क-लंडन-ब्रसेल्सला पाठवलंच होतं. घरात भांडण चालू असेल तर आधी पाहुणे वाटेला लावावेत, मग दार लावून भांडावं.

आणि काँग्रेसनं चार नावं दिली होती, सरकारनं त्यातलं फक्त आनंद शर्मांचं घेतलं. थरूर सरकारनं आपल्या पसंतीनं उचलले. तृणमूलनं तर सांगितलं, आमचा माणूस आम्ही ठरवू, आणि युसूफ पठाणच्या जागी अभिषेक बॅनर्जी गेले. दुसऱ्याच्या घरातला कुठला भाऊ जीपमध्ये घ्यायचा हे आपण ठरवलं की तो भाऊ परत आल्यावर त्याच्या घरात चूल वेगळी होणारच. थरूरांचं मौनव्रत तिथंच सुरू झालं होतं, जुलैत फक्त दिसलं.

---

जुना रेडिओ | रवि, ०३/०८/२०२५ - २२:०२

गोंधळ झाला असता हे खरं. १९९४ लाही बाबरीला सव्वाच वर्ष झालं होतं, घर काही शांत नव्हतं. तरी ठराव झाला. पण तुमचा जीपचा मुद्दा माझ्या दोन्ही मुद्द्यांपेक्षा भारी आहे.

---

माई न्यूजर्सी | रवि, ०३/०८/२०२५ - २२:३०

कोलंबियाबद्दल कुणीच लिहिलं नाही? ऑपरेशन सिंदूरनंतर कोलंबियाने पाकिस्तानातल्या मृतांबद्दल दुःख व्यक्त करणारं निवेदन काढलं होतं. थरूरांनी बोगोटात उघडपणे नाराजी बोलून दाखवली आणि कोलंबियाच्या सरकारने ते निवेदन मागे घेतलं. सगळ्या दौऱ्यात हाताला लागलेली ठोस गोष्ट ही एक. तीही सरकारी पक्षाच्या माणसाने मिळवलेली नाही.

---

कलम_२५३ | रवि, ०३/०८/२०२५ - २२:४१

मागे घेतलं त्यांच्या सरकारने, मागितलं आपल्या खासदाराने. याला कायद्यात नाव नाही. पण उपयोग झाला, हे मान्य.

---

दोहाकर | सोम, ०४/०८/२०२५ - २२:१७

सगळ्यांचे आभार. आज दुपारी कॅन्टीनमध्ये पाशांना दोन महिन्यांचं थकलेलं उत्तर दिलं. लायबेरियाची यादी सांगितली, जीप सांगितली (सोयरीक म्हणजे काय ते समजवायला दहा मिनिटं गेली, पण इजिप्तमध्येही असंच असतं म्हणाले), वाजपेयी सांगितले. मग पत्रावळींचे टिळक सांगितले: लोकांनी निवडलेला माणूस लंडनमध्ये अडकला आणि पॅरिसच्या खुर्चीवर महाराजा बसला.

टिळकांपाशी पाशांनी मला थांबवलं. म्हणाले, ही तर आमची गोष्ट आहे.

नोव्हेंबर १९१८ मध्ये साद झगलूल काही साथीदार घेऊन कैरोतल्या ब्रिटिश हाय कमिशनरकडे गेले: आम्हाला इजिप्ततर्फे बोलायला परदेशी जायचंय. झगलूल तिथल्या विधिमंडळाचे उपाध्यक्ष राहिलेले, म्हणजे आपल्या धाग्याच्या भाषेत आमदार. ब्रिटिशांचा सवाल होता, तुम्ही इजिप्ततर्फे बोलणारे कोण? तेव्हा झगलूल यांच्या लोकांनी कागद छापले, आम्ही या माणसांना आमच्या वतीने बोलायचा अधिकार देत आहोत, आणि ते देशभर सह्यांसाठी फिरवले. मार्च १९१९ मध्ये झगलूलना माल्टाला हद्दपार केलं, देश पेटला, महिन्याभरात सोडावं लागलं आणि ते पॅरिसला पोचले. तिथे त्यांना खुर्ची मिळाली नाहीच. त्यांच्या पक्षाचं नावच पुढे वफ्द पडलं. वफ्द म्हणजे शिष्टमंडळ.

"त्या कागदांना तुम्ही काय म्हणता?" मी विचारलं.

पाशांनी पेपर नॅपकिनवर अरबीत लिहिलं आणि वाचून दाखवलं: तवकील. वकील ज्या धातूतून आला त्यातलाच शब्द.

नॅपकिन खिशात घालून घरी आणलाय. पत्रावळ, फोटो टाकतो, अक्षर लागतंय का बघा.